दोघंच असाल तर कॅन्यनमध्ये किती खाली उतरायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून न्यू जर्सीत आलेलं चाळिशीच्या अलीकडचं-पलीकडचं जोडपं. सप्टेंबरअखेरीला दहा दिवसांची रजा, लास व्हेगासहून भाड्याची गाडी. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब, पेज, ग्रँड कॅन्यन असं सगळं एका फेरीत बसवायचंय. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, हरिहर झालेत, त्यामुळे चालण्याची भीती नाही. नवऱ्याला ग्रँड कॅन्यनमध्ये थेट नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचंय. बायकोला उघड्या कड्याची धास्ती वाटते आणि उतारावर तिचा गुडघा कुरकुरतो. प्रश्न तिनं लिहिलाय, आणि खरी शंका अगदी शेवटच्या ओळीत आहे: ‘आम्ही वेगवेगळं चाललो तर चालेल का?’

मी ॲरिझोनातल्या फीनिक्सला राहते. या भागात बरीच वर्षं चालते, आणि हंगामात ट्रेलच्या तोंडाशी उभं राहून खाली निघालेल्यांना ‘पाणी किती घेतलंय? परत किती वाजता?’ असं विचारण्याचं स्वयंसेवकाचं कामही करते. तेव्हा आधी उत्तर देते, मग कारणं. वेगवेगळं चाललात तर चालेल, पण ते वरच, निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. वाटेत फाटाफूट नको. नदी एका दिवसात नको. आणि मोआब या खेपेला सोडून द्या.

सह्याद्रीत आपण आधी चढतो. दमलो की कुठेतरी टेकतो, फारच झालं तर मागे फिरतो, आणि मागे फिरणं म्हणजे उतरणं. शरीर आपल्याला वेळेवर सांगतं आणि घरचा रस्ता सोपा असतो. कॅन्यनमध्ये हे सगळं उलटं. सकाळी गार हवेत, ताज्या पायांनी, गप्पा मारत उतरायचं. दम लागत नाही म्हणून अजून थोडं, त्या वळणापर्यंत, असं होत जातं. दमल्याचं कळतं तेव्हा सगळा चढ डोक्यावर उभा असतो, ऊन तापलेलं असतं, आणि जितकं खाली जाल तितका उकाडा वाढत जातो. कॅन्यनचा वरचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे, नदीकाठ साडेसातशेच्या आसपास. काठावर स्वेटर घालून निघालेला माणूस सप्टेंबरअखेरीलाही तळाशी पस्तीस अंशांच्या आसपासच्या उन्हात पोचू शकतो.

आपल्या मापात सांगायचं तर बारी गावातून कळसूबाई म्हणजे साधारण ९०० मीटरचा चढ. कोलोरॅडो नदीपासून ब्राइट एंजल ट्रेलनं वर येणं म्हणजे १,३०० मीटरहून जास्त, आणि तो दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात. साउथ कैबाब या दुसऱ्या ट्रेलनं उतरून ब्राइट एंजलनं चढलं तर एकूण अंतर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर होतं. हे करणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण एका दिवसात नदी गाठून परत येऊ नका असं पार्कवाले जागोजागी पाट्या लावून सांगतात, आणि त्या पाट्यांवरचं चित्र धडधाकट तरुणाचं असतं, म्हाताऱ्याचं नाही. संकटात सापडतात ते बहुतेकदा ‘मला जमतं’ म्हणणारेच.

दुसरा फरक घामाचा. कोकणकड्याच्या वाटेवर शर्ट पिळावा लागतो, म्हणून पाणी पिण्याची आठवण राहते. इथे हवा इतकी कोरडी की घाम यायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, फक्त टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. ती रेघ दिसली की समजा, पाणी आणि मीठ दोन्ही चाललंय. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, मग गोंधळलेपण. तेही तितकंच धोक्याचं, आणि लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. म्हणून घोटाघोटानं पाणी आणि सोबत खारट खाणं. एनर्जी बारपेक्षा आपला चिवडा, शेव, खारे शेंगदाणे, लिंबाच्या लोणच्याची फोड लावलेली दशमी हे सगळं इथे फार कामाचं आहे. इलेक्ट्रलची पाकिटं घरात असतील तर घेऊन या. गोड मात्र उन्हात घशाखाली उतरत नाही, लाडू गाडीत राहू द्या.

आता तुमच्या दोघांबद्दल. सह्याद्रीत तुम्ही बहुधा वीस-तीस जणांच्या ग्रुपबरोबर गेला असाल. पुढे एक लीडर, मागे एक, पायथ्याला गाव, गडावर टाकं, आणि काही झालं तर गावातली चार पोरं डोली करून खाली आणतात. इथे यातलं काहीच नाही. दोघांपैकी एकाचा घोटा मुरगळला तर दुसऱ्यापुढे दोनच रस्ते: जवळ बसून राहणं किंवा त्याला एकटं सोडून मदत आणायला जाणं. तिसरा माणूस असता तर हा पेच आला नसता. जुलै २०२४ मध्ये मोआबजवळच्या कॅन्यनलँड्स उद्यानात बाप-लेक सिंकलाइन नावाच्या ट्रेलवर वाट चुकले, पाणी संपलं, तापमान अडतीसच्या वर होतं. मदतीसाठी त्यांचा संदेश गेला, शोधपथक निघालं, पण ते पोचेपर्यंत दोघंही गेले होते. घाबरवायला हे लिहीत नाही. सोबत कुणी असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं आपण धरून चालतो; दोघांच्या बाबतीत ते तितकंसं खरं नाही, एवढंच.

म्हणून दोघांसाठी माझे नियम जरा वेगळे आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं पाणी, खाणं, टॉर्च आणि वाऱ्या-पावसाचं जाकीट. ‘सगळं माझ्या सॅकमध्ये टाक, तुझा गुडघा दुखतो ना’ हे प्रेमापोटी होतं, पण पन्नास पावलांचं अंतर पडलं की मागच्याकडे काहीच उरत नाही. गाडीच्या करारात दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून घाला. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या किंवा ती सोय असलेला फोन. आयफोन १४ पासून पुढे ती असते. पण खोल, अरुंद घळीत आकाशाची नुसती चीर दिसते, तिथे त्याचाही भरवसा नाही. न्यू जर्सीतल्या एखाद्या मित्राला रोज सकाळी ‘आज हा ट्रेल, अमुक वाजेपर्यंत निरोप’ असं कळवा आणि निरोप आला नाही तर त्यानं काय करायचं तेही सांगून ठेवा.

आणि भांडण. हे वाचून हसाल, पण ट्रेलच्या तोंडाशी उभं राहून मी जोडप्यांची भांडणं इतकी ऐकलीत की आता मी त्यांकडे लक्षण म्हणून पाहते. चिडचिड हे शरीर तापल्याचं, पाणी किंवा साखर कमी झाल्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण आहे. पायात गोळे येण्याआधी ते दिसतं. ‘तूच म्हणालास इकडे यायचं’, ‘तू जरा लवकर पाय उचल ना’ असे संवाद सुरू झाले की मुद्दा कोणाचा बरोबर हे बघू नका. सावली शोधा, बसा, पाणी प्या, खारं खा, मान आणि शर्ट ओला करा, वीस मिनिटं थांबा. त्यानंतरही भांडावंसं वाटलं तर खुशाल भांडा. पण एकजण नेहमीसारखा भांडत नसून असंबद्ध बोलतोय किंवा अडखळतोय असं वाटलं, तर ती मदत बोलावण्याची वेळ आहे. दुसरं, ‘मागे फिरू’ हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला की तिथूनच फिरायचं, कारण विचारायचं नाही. कारण रात्री हॉटेलवर विचारा.

आता रस्ता. सहा ठिकाणं दहा दिवसांत बसवली तर तुम्ही चालणार कमी आणि गाडीत बसणार जास्त. मोआबला आर्चेस आणि कॅन्यनलँड्स मिळून चार दिवस सहज लागतात, त्यासाठी पुन्हा या. मी असं करीन: व्हेगासहून झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल, तीन रात्री. ब्राइस एक रात्र. हायवे १२ वर एस्कलान्टे किंवा बोल्डर, दोन रात्री. पेज एक. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ दोन. परतीच्या वाटेवर एक रात्र हाताशी. कॅपिटल रीफ बोल्डरहून एका दिवसात जाऊन येता येईल. तिथल्या फ्रूटा गावात मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदं असली तर स्वतः तोडून, पैसे पेटीत टाकून नेता येतात. यूटामधला माझा सगळ्यात लाडका रस्ता हा हायवे १२. बोल्डरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना दरी आणि मधे रस्त्यापुरतीच धार असा एक पट्टा आहे. तिथे गाडी नवऱ्याला चालवू द्या आणि तुम्ही दरीकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघा.

झायनमध्ये एंजल्स लँडिंग या अरुंद धारेवरून गाठायच्या शिखराचा प्रश्न येणारच. १ एप्रिल २०२२ पासून तिथे साखळ्यांच्या भागासाठी परमिट लागतं, लॉटरीनं. एक लॉटरी हंगामाची, काही महिने आधी. दुसरी आदल्या दिवशीची: दुपारी तीनपर्यंत अर्ज, चारला निकाल. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्याला साखळ्या अवघड वाटणार नाहीत. अवघड वाटते ती त्याच अरुंद धारेवर समोरून उतरणारी गर्दी. तुमच्यासाठी स्काउट लुकआउटपर्यंतची वाट आहे, तिला परमिट लागत नाही. चढ सणसणीत, पण वाट रुंद आणि बरीचशी फरसबंद. तिथे तुम्ही थांबा, तो साखळ्यांनी पुढे जाऊन येईल. वेगवेगळं चालण्याची ही चांगली पद्धत: ठिकाण ठरलेलं, सावली आहे, माणसांची वर्दळ आहे, वेळ बांधलेली. नदीचं गढूळ-निळं पाणी भरून घ्यायचा मोह मात्र नको. व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत आणि साध्या फिल्टरनं ते विष जात नाही.

नॅरोज, म्हणजे झायनमधली नदीची अरुंद घळ, तुम्हा दोघांना सारखीच आवडेल, कारण तिथे कडा पायाखाली नसतो, दोन्ही बाजूंना वर असतो. शटलच्या शेवटच्या थांब्यावरून दीड-एक किलोमीटर पक्की वाट, मग सरळ नदीत उतरून प्रवाहाविरुद्ध चालायचं. हवं तिथून मागे फिरा, परमिट नको. पाणी सप्टेंबरअखेरीला चांगलंच गार असतं. स्प्रिंगडेलमध्ये जाड तळव्याचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि लाकडी काठी भाड्यानं मिळते. घ्याच. गोल गुळगुळीत धोंड्यांवर, गढूळ पाण्यात तुमच्या गुडघ्याला ती काठीच वाचवील.

पण त्या दिवशी सकाळी पुराचा अंदाज पाहिल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. सह्याद्रीतला पाऊस डोक्यावर पडतो. ओढा फुगणार हे आपल्याला दिसत असतं. इथे डोक्यावर निळंभोर आकाश असताना पाणी येतं. उघडा खडक, माती नाही, झाडं नाहीत. वीस-तीस किलोमीटरवर ढग फुटला की सगळं पाणी एकाच घळीत धावतं. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक असेच वाहून गेले, पाऊस पडला होता तो कित्येक मैल वरच्या बाजूला. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा अख्खा गट गेला. इथलाही मान्सून असतो, जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दुपारच्या गडगडाटी सरींचा. तुम्ही येताय तेव्हा तो ओसरत असतो, संपलेला असतोच असं नाही. हवामान खातं या भागातल्या स्लॉट कॅन्यनसाठी, म्हणजे अशा अरुंद घळींसाठी, रोज चार पायऱ्यांत अंदाज देतं: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. माझ्यापुरतं, ‘शक्य’ या दुसऱ्या पायरीलाच दोघांनी अरुंद घळीत जायचं नाही. त्या दिवशी काठावरचा ट्रेल करायचा. आत असताना पाणी एकाएकी गढूळलं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, वरून घरघर ऐकू आली, तर बाहेर पडण्यासाठी धावू नका. जवळच्या उंच जागेवर चढा आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसा.

ब्राइसबद्दल थोडक्यात: अडीच हजार मीटर उंची, रात्री गोठण्यापर्यंत थंडी, क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप मिळून पाचेक किलोमीटर. क्वीन्स गार्डननं उतरा आणि नवाहोनं चढा, गुडघ्याला ते बरं.

एस्कलान्टेला स्पूकी आणि पीकाबू या घळींचे फोटो पाहून मन जाईल. तिथवर जायला होल-इन-द-रॉक नावाचा चाळीसेक किलोमीटरचा कच्चा, खडखडाट करणारा रस्ता आहे, आणि भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर नेऊ नका असं लिहिलेलं असतं. मी लोअर काफ क्रीक धबधबा सुचवीन: जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट, थोडी वाळू. वाट खडकावर दिसेनाशी होते तिथे दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. त्या पाडू नका, हौसेनं नव्या रचूही नका, मागचा माणूस त्यावरून वाट ठरवतो. काळपट, खडबडीत दिसणाऱ्या मातीवर पाय देऊ नका. ती सूक्ष्मजीवांची जिवंत साय आहे, एका पावलानं मोडली तर भरून यायला दशकं लागतात.

एस्कलान्टेहून पेजला निघालात की नकाशा कॉटनवुड कॅन्यन रोडचा शॉर्टकट दाखवील. तो कच्चा आहे, आणि ओला झाला की त्यातल्या चिकणमातीत फोर-व्हीलसुद्धा रुतते. सरळ कनाबवरून जा. पेजला पोचल्यावर घड्याळाचा घोळ होतो. यूटा उन्हाळी वेळ पाळतं, ॲरिझोना पाळत नाही, आणि ॲरिझोनातलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळ रहिवाशांचा स्वशासित प्रदेश, मात्र पाळतं. अँटेलोप कॅन्यन नवाहो जमिनीवर असूनही तिथल्या टूर पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेनं चालतात. फोन कधी कोणता टॉवर धरील सांगता येत नाही. घड्याळ हातानं फीनिक्सवर लावा. अँटेलोपला नवाहो गाइडशिवाय प्रवेशच नाही, आणि नवाहो नेशनच्या हद्दीत दारू चालत नाही, गाडीतही नको.

ग्रँड कॅन्यनमध्ये दोन रात्री असल्यानं पूर्ण दिवस एक मिळतो. ब्राइट एंजल ट्रेल घ्या, साउथ कैबाब नको. कैबाब देखणा खरा, पण तो धारेवरून उतरतो, पाणी कुठेच नाही आणि सावली नावाला. ब्राइट एंजल भिंतीला धरून जातो, एक बाजू तरी हाताशी राहते. तुम्ही दोघं उजाडताना निघा, दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत एकत्र जा. तिथून एकत्र वर या. नवऱ्याला आणखी हवंच असेल तर त्याऐवजी तो दिवस त्याचा वेगळा धरा: तो एकटा, पहाटे, जास्तीत जास्त याच वाटेवरच्या हवासुपाई गार्डन्सपर्यंत, आणि तुम्ही काठावरच्या सपाट रिम ट्रेलवर. हवासुपाई गार्डन्स काठापासून ९३० मीटर खाली आहे, म्हणजे कळसूबाईच, आधी उतरायची. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा. पाणी एक भाग उतरताना, दोन भाग चढताना. वाटेवरचे नळ सुरू आहेत की बंद हे आदल्या दिवशी रेंजरला विचारा, जुनी पाइपलाइन वारंवार फुटते. परतीची वेळ ठरवा आणि तिच्यावर तासभर धरा. तोही उलटला तर तुम्ही त्याला शोधायला खाली उतरायचं नाही. रेंजरकडे जायचं: निघाला कधी, कपडे कोणते, पाणी किती. गाडीची किल्ली काठावरच्या माणसाकडे. खेचरं आली तर दरीकडच्या कडेला नाही, भिंतीकडे सरकून उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल तसं करायचं.

काठावर बसाल तेव्हा पूर्वेकडे विष्णू टेंपल आणि पश्चिमेकडे शिवा टेंपल अशी शिखरं कुणीतरी दाखवील. ही नावं क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानं १८८० च्या सुमारास दिली, त्याला ती देवळांसारखी वाटली म्हणून. अगदी तळाशी नदीलगत दिसणाऱ्या काळ्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट, वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला बेसाल्ट साडेसहा कोटींचा. वर राहिल्याचं वाईट वाटलं तर दुर्बीण न्या, काठावरूनही तो दिसतो.

पैशांचं शेवटी. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि बाहेरून येणाऱ्यांना २५० आहे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत बाहेरच्या पाहुण्याला पास नसेल तर माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. तुम्ही न्यू जर्सीचं लायसन्स जवळ ठेवा. पुण्याहून आईबाबा सोबत येणार असतील तर त्यांचा हिशेब वेगळा करा. पास अँटेलोपला आणि पेजच्या हॉर्सशू बेंडला चालत नाही. काठावरच्या खोल्या आत्ताच बघा, शरद ऋतूत त्या महिनोन्‌महिने आधी जातात. नाही मिळाली तर दहा-बारा किलोमीटरवर तुसायान आहे, फक्त मग पहाटेचा गजर अर्धा तास अलीकडे लावा.